कार्यालयीन इमारतींतील संरचित केबल-व्यवस्थेचा उदय : मालकी, जागा आणि लवचीकता

प्रस्तावना

तंत्रज्ञानाच्या इतिहासात यंत्रांना जेवढे स्थान मिळते तेवढे ती यंत्रे जोडणाऱ्या तारांना मिळत नाही. संगणक, दूरध्वनी विनिमय केंद्रे आणि इंटरनेट यांवर विपुल लेखन झालेले आहे. परंतु कार्यालयीन इमारतीच्या भिंतीआडून, फॉल्स सीलिंगच्या वरून आणि मजल्यांमधील उभ्या शाफ्टमधून गेलेल्या केबलींचा इतिहास बहुधा कंत्राटदारांच्या माहितीपुस्तकांपुरताच मर्यादित राहिला. वस्तुतः विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत कार्यालयीन इमारत ही वास्तू आतून बदलली, आणि त्या बदलाचा एक मोठा भाग या केबलींशी निगडित आहे.

प्रस्तुत निबंधात मुख्यतः अमेरिकेतील १९८४ ते २००२ या कालखंडाचा विचार केला आहे, कारण पुढे जगभर रूढ झालेली मानके प्रथम तेथेच आकारास आली. ‘संरचित केबल-व्यवस्था’ म्हणजे विशिष्ट यंत्रासाठी केबल न टाकता, कोणतेही यंत्र जोडता येईल अशी केबल इमारतीत आधीच टाकून ठेवणे. या व्यवस्थेचा सर्वात मोठा गुण म्हणून लवचीकतेचा उल्लेख केला जातो आणि ती लवचीकता सामान्यतः केबलच्या गुणवत्तेस चिकटवली जाते. ऐतिहासिक तपशील मात्र निराळे चित्र दाखवितो. उद्या कोणती केबल लागेल याविषयीचे नियोजनकर्त्यांचे अंदाज वारंवार चुकले. टिकून राहिल्या त्या केबलसाठी राखलेल्या जागा, तिचे मार्ग आणि अंतराची मर्यादा. हे कसे घडले, याचा मागोवा पुढे घेतला आहे.

तारेची मालकी

दोन तारांना एकमेकींभोवती पीळ दिल्यास बाहेरील विद्युत व्यत्यय कमी होतो, ही कल्पना दूरध्वनीइतकीच जुनी आहे. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ मध्ये तिचे पेटंट मिळविले होते. पुढील शंभर वर्षे अमेरिकेतील कार्यालयांत ही पीळदार जोडीच सर्वत्र वापरली गेली. परंतु ती इमारतीच्या मालकाची नव्हती आणि भाडेकरूचीही नव्हती. रस्त्यावरील खांबापासून टेबलावरील उपकरणापर्यंतची संपूर्ण साखळी दूरध्वनी कंपनीच्या मालकीची असे. वास्तुविशारदाने कंपनीच्या अभियंत्यास विचारून प्रत्येक मजल्यावर एक छोटी खोली आणि काही नलिका राखून ठेवायच्या, एवढाच इमारतीचा वाटा होता. त्या खोलीत काय चालते हे पाहण्याचे कारण मालकास क्वचितच पडे.

ही व्यवस्था महाग होती, पण बेशिस्त नव्हती. अनेक बटणांच्या ‘की टेलिफोन’ पद्धतीत एका उपकरणापर्यंत २५ जोड्यांची, म्हणजे ५० तारांची केबल नेली जाई. वरिष्ठ अधिकाऱ्याचे टेबल दहा फूट सरकवायचे झाले तरी कंपनीचा कारागीर बोलवावा लागे. मात्र कोणती जोडी कोठे जाते याची नोंद त्याच्याकडे असे. मक्तेदारीचे दोष दाखविताना तिची ही बाजू इतिहासकारांनी पुष्कळदा दुर्लक्षिली आहे.

या मालकीला पहिला मोठा तडा १९६८ च्या कार्टरफोन निर्णयाने गेला. जाळ्यास अपाय होत नसेल तर ग्राहकाने स्वतःचे उपकरण जोडावे, ही मुभा त्याने दिली. त्यानंतर सरकारने एटी अँड टी कंपनीविरुद्ध चालविलेल्या मक्तेदारीच्या खटल्यात जानेवारी १९८२ मध्ये तडजोड जाहीर झाली आणि १ जानेवारी १९८४ रोजी या कंपनीपासून स्थानिक दूरध्वनी कंपन्या प्रत्यक्षात अलग झाल्या. इमारतीच्या आतील तारांवरील दरनियंत्रणही टप्प्याटप्प्याने उठले. १ जानेवारी १९८७ पासून आतील तारा बसविणे व त्यांची देखभाल करणे हे काम दरपत्रकाच्या कक्षेबाहेर गेले. त्यामुळे एका प्रश्नाला एकाएकी अनेक धनी मिळाले. इमारतीतील तार कोणाची, ती बिघडल्यास कोणास बोलवायचे, आणि नवी इमारत बांधताना ती किती व कोठे टाकायची, हे आता मालक, भाडेकरू आणि त्यांचे सल्लागार यांनाच ठरवावे लागले. यासाठी लागणारे ज्ञान तोवर एका कंपनीच्या अंतर्गत पुस्तिकांमध्ये बंदिस्त होते.

एका यंत्राची एक केबल

याच सुमारास कार्यालयांत संगणकाची टर्मिनले वाढू लागली होती आणि प्रत्येक उत्पादकाची केबल निराळी होती. आयबीएमच्या ३२७० टर्मिनलांना ९३ ओहमची समाक्ष केबल लागे. त्याच कंपनीच्या मध्यम आकाराच्या संगणकांना ट्विनॅक्स नावाची दुसरीच केबल लागे. वँगच्या शब्दसंस्करण यंत्रांसाठी समाक्ष केबलींची जोडी टाकावी लागे. झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७३ मध्ये ज्याची कल्पना मांडली गेली त्या ईथरनेटसाठी बोटाएवढ्या जाडीची ५० ओहमची केबल ठरविण्यात आली. ही केबल एका ओळीत जास्तीत जास्त ५०० मीटर नेता येई. तिच्यावर दर २.५ मीटरवर खुणा असत आणि त्या खुणांच्या ठिकाणी केबलला छिद्र पाडून यंत्र जोडावे लागे.

यंत्र बदलले की केबल बदलणे ओघानेच आले. एका कंपनीची टर्मिनले काढून दुसरीची आणली तर छतावरील जुनी केबल तशीच सोडून नवी टाकली जाई. जुनी ओढून काढण्याचा खर्च कोणी करीत नसे. कर्मचाऱ्यांच्या जागा बदलल्या तरी तेच घडे.

ईथरनेटची स्वस्त आवृत्ती, म्हणजे १८५ मीटरपर्यंत जाणारी पातळ समाक्ष केबल, लहान कार्यालयांत पुष्कळ लोकप्रिय झाली. परंतु तिची रचना हारासारखी होती. एका टेबलाकडून दुसऱ्या टेबलाकडे जाणारी ही साखळी मध्येच सुटली की त्या संपूर्ण ओळीचे काम थांबे. सफाई करताना एखाद्याने टेबल सरकवावे आणि वीस जणांची यंत्रे बंद पडावीत, हा अनुभव त्या काळातील कार्यालयांना नवा नव्हता. दोष कोठे आहे हे शोधण्यासाठी प्रत्येक जोड तपासत जावे लागे. केबल स्वस्त, पण जागा बदलणे महाग, असा तो व्यवहार होता.

दोन कंपन्यांचे दोन प्रस्ताव

या गोंधळावर पहिली व्यवस्थित उत्तरे दोन मोठ्या कंपन्यांकडून आली आणि दोन्हींवर त्यांच्या पूर्वेतिहासाची छाप होती. आयबीएमने १९८४ मध्ये आपली केबल-व्यवस्था जाहीर केली. तिचा मुख्य प्रकार दोन जोड्यांचा, जाड तारेचा, प्रत्येक जोडीस धातूचे वेष्टन असलेला आणि १५० ओहमचा होता. ज्या जाळ्यासाठी ही केबल अभिप्रेत होती ते टोकन रिंग जाळे १९८५ मध्ये बाजारात आले. म्हणजे ग्राहकांनी आधी इमारत तारांनी भरावी आणि यंत्रे मागाहून घ्यावीत, अशी अपेक्षा होती. विद्युतगुणांच्या दृष्टीने ही केबल त्या काळी सरस होती यात शंका नाही.

एटी अँड टीचा प्रस्ताव दूरध्वनीच्या परंपरेतून आला. ‘प्रिमायसेस डिस्ट्रिब्युशन सिस्टिम’ या नावाने मांडलेल्या या योजनेत इमारतीचे सहा उपविभाग कल्पिले होते : इमारतींना जोडणारी केबल, मजल्यांना जोडणारी उभी केबल, यंत्रकक्ष, जोडण्या बदलण्याची जागा, मजल्यावरची आडवी केबल आणि कर्मचाऱ्याचे टेबल. केबल मात्र साधी, वेष्टनविरहित, चार पीळदार जोड्यांची. दूरध्वनी आणि संगणक या दोहोंसाठी एकच केबल, एकच आठ टोकांचा जोड.

आयबीएमच्या प्रस्तावाचा केंद्रबिंदू केबल होता, तर एटी अँड टीच्या प्रस्तावाचा केंद्रबिंदू इमारत. दूरध्वनी कंपनीने शंभर वर्षे इमारतींत काम केले होते. यंत्रे बदलत राहतात, पण मजला, खोली आणि शाफ्ट तेथेच राहतात, हे तिच्या कारागिरांना ठाऊक होते. वेष्टनविरहित पातळ केबल जुन्या नलिकांत सहज मावत असे. आयबीएमची जाड केबल त्याच नलिकेत थोडीच बसे. पुढे १९८७ मध्ये एक मेगाबिट वेगाचे ‘स्टारलॅन’ आणि १९९० मध्ये दहा मेगाबिटचे १०बेस-टी ही मानके दूरध्वनीच्या धर्तीच्या पीळदार जोडीवर बेतली गेली, तेव्हा या स्पर्धेचा निकाल जवळजवळ लागला. सरस केबल मागे पडली आणि इमारतीशी जुळणारी केबल पुढे गेली.

मानक आधी जागेचे, मग केबलचे

१९८५ मध्ये संगणक व दळणवळण क्षेत्रातील उद्योगांच्या संघटनेने इलेक्ट्रॉनिक इंडस्ट्रीज असोसिएशनला इमारतीतील केबलींसाठी मानक तयार करण्याची विनंती केली. त्यातून ईआयए/टीआयए-५६८ हे मानक जुलै १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. संरचित केबल-व्यवस्थेचा इतिहास सांगताना बहुधा येथूनच आरंभ केला जातो. परंतु त्याआधी, ऑक्टोबर १९९० मध्ये, ५६९ क्रमांकाचे मानक प्रसिद्ध झाले होते, याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. त्याचा विषय केबल हा नव्हताच. मार्ग आणि जागा हा होता.

५६९ मानकाची भाषा बांधकामाची आहे. प्रत्येक मजल्यावर किमान एक दूरसंचार कक्ष असावा. मजल्याचे क्षेत्रफळ १००० चौरस मीटरपेक्षा अधिक असेल किंवा केबलचे अंतर ९० मीटरपेक्षा जास्त भरत असेल तर दुसरा कक्ष द्यावा. १००० चौरस मीटरच्या मजल्यासाठी कक्षाचा आकार सुमारे ३ मीटर गुणिले ३.४ मीटर असावा. प्रत्येक १० चौरस मीटर जागेमागे एक कर्मचारी धरावा. कक्ष एकाखाली एक यावेत, म्हणजे उभी केबल सरळ उतरेल. नलिकेत केबल ओढण्याच्या दोन ठिकाणांमधील अंतर ३० मीटरपेक्षा अधिक नसावे आणि त्यांच्यामध्ये काटकोनी वळणे दोनपेक्षा जास्त नसावीत. या शेवटच्या नियमामागे निव्वळ अनुभव आहे : तिसऱ्या वळणानंतर केबल ओढताना ताण वाढतो, पीळ बिघडतो आणि नलिका अर्धी रिकामी असूनही निरुपयोगी होते.

या नियमांना विरोध झाला तो तांत्रिक कारणांनी नव्हे, तर भाड्याच्या हिशेबाने. प्रत्येक मजल्यावरील दहा चौरस मीटर म्हणजे भाड्याने देता येणाऱ्या जागेतून गेलेले दहा चौरस मीटर. वीस मजल्यांच्या इमारतीत हा आकडा एका छोट्या कार्यालयाएवढा होतो. शिवाय ज्याने ही जागा सोडायची तो विकासक आणि ज्याला तिचा लाभ व्हायचा तो दहा वर्षांनंतरचा भाडेकरू. खर्च एकाचा आणि लवचीकता दुसऱ्याची, हा या विषयातील मूळ पेच होय. पूर्वी तो दूरध्वनी कंपनीच्या दबदब्याने दबलेला होता. १९८४ नंतर उघडा पडला. जेथे वास्तुविशारदाने हा कक्ष शौचालयाशेजारच्या उरलेल्या कोपऱ्यात ढकलला, किंवा विजेच्या पॅनेलसाठी आणि झाडू-बादल्यांसाठी तोच वापरला, तेथे केबल कितीही चांगली असली तरी पुढचे सारे बदल अवघड झाले.

उभ्या मार्गांचा प्रश्न केवळ सोयीचा नव्हता. १३ फेब्रुवारी १९७५ रोजी न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या उत्तर मनोऱ्यात अकराव्या मजल्यावर लागलेली आग दूरध्वनी केबलींसाठी स्लॅबमध्ये ठेवलेल्या छिद्रांतून इतर मजल्यांवर पसरली. केबल गेल्यावर उरलेली फट अग्निरोधक पदार्थाने बुजविणे हा त्यानंतर नियोजनाचा अनिवार्य भाग झाला. येथेही लवचीकतेची किंमत होतीच : प्रत्येक नव्या केबलसाठी ती फट पुन्हा उघडायची आणि पुन्हा बुजवायची.

नव्वद मीटर आणि चार जोड्या

५६८ मानकाने केबलची रचना ताऱ्यासारखी ठरविली. प्रत्येक टेबलापासून निघालेली केबल मध्ये कोठेही न जोडता थेट मजल्यावरील कक्षात यावी आणि तेथे पॅच पॅनेलवर संपावी. कक्ष ते आउटलेट हे अंतर ९० मीटरपेक्षा अधिक नसावे. दोन्ही टोकांच्या जोडतारा धरून ते १०० मीटर होते. प्रत्येक कर्मचाऱ्यास किमान दोन आउटलेट द्यावेत आणि त्यांपैकी एक चार जोड्यांच्या वेष्टनविरहित केबलचे असावे. दुसऱ्यासाठी मानकाने तीच केबल, १५० ओहमची वेष्टित केबल, समाक्ष केबल किंवा प्रकाशतंतू यांपैकी काहीही चालवून घेतले. ही मोकळीक उदार दिसते, पण समितीत बसलेल्या उत्पादकांमधील ती तडजोड होती.

या रचनेत तांबे जास्त लागते. हाराऐवजी तारा म्हणजे प्रत्येक टेबलासाठी स्वतंत्र केबल. पण कर्मचारी तिसऱ्या खोलीतून पाचव्या खोलीत गेला तर छताला हात लावावा लागत नाही. कक्षातील पॅनेलवर एक छोटी जोडतार काढून दुसऱ्या छिद्रात घातली की काम होते. एका केबलमध्ये दोष आला तर एकच टेबल बंद पडते. दूरध्वनीचे आउटलेट उद्या संगणकाचे होऊ शकते, कारण दोघांची तार आणि जोड एकच. अर्थात पॅनेलवरील कोणते छिद्र कोणत्या खोलीत जाते याची नोंद असेल तरच. नोंदी व लेबले यांसाठी १९९३ मध्ये ६०६ क्रमांकाचे स्वतंत्र मानक काढावे लागले, यातच काय ते आले. मक्तेदारीच्या काळातील कारागिराच्या वहीची जागा आता या मानकाने घ्यावी अशी अपेक्षा होती.

चार जोड्यांचा निर्णय विशेष विचारात घेण्याजोगा आहे. साध्या दूरध्वनीला एक जोडी पुरे. १०बेस-टी आणि १९९५ चे शंभर मेगाबिटचे ईथरनेट दोन जोड्यांवर चालते. म्हणजे कित्येक वर्षे बहुतेक केबलींतील निम्म्या तारा रिकाम्या होत्या, आणि काटकसरी कंत्राटदार एकाच केबलमधून दोन आउटलेट काढून त्या वापरीत. पुढे १९९९ मध्ये गिगाबिट ईथरनेटचे १०००बेस-टी हे मानक तयार झाले, तेव्हा त्याने चारही जोड्या एकाच वेळी दोन्ही दिशांनी वापरल्या. जेथे जोड्या वाटून टाकल्या होत्या तेथे नवी केबल टाकण्यावाचून गत्यंतर राहिले नाही. १९९१ च्या समितीला गिगाबिटची चाहूल होती असे म्हणता येत नाही. जागा सैल ठेवण्याच्या दूरध्वनी परंपरेचा तो लाभ होता.

त्याच परंपरेचे एक त्रासदायक अपत्यही मागे राहिले. आठ टोकांच्या जोडावर तारांचे रंग कोणत्या क्रमाने लावायचे याच्या दोन पद्धती मानकात शिरल्या. त्यांत फक्त नारिंगी आणि हिरव्या जोडीची अदलाबदल आहे. त्यांपैकी ‘बी’ ही एटी अँड टीची जुनी पद्धत. ती असंख्य इमारतींत आधीच रूढ झाल्यामुळे वगळता आली नाही. एकाच केबलच्या दोन टोकांना दोन निरनिराळ्या पद्धती वापरल्याने झालेले घोटाळे आजही कारागिरांच्या परिचयाचे आहेत.

अंदाजांचा हिशेब

केबलच्या गुणवत्तेची वर्गवारी प्रथम एका वितरक कंपनीने, अ‍ॅनिक्सटरने, १९८९ मध्ये ‘लेव्हल’ या नावाने सुरू केली. नोव्हेंबर १९९१ मध्ये तिचे अधिकृत रूप ‘कॅटेगरी’ ३, ४ आणि ५ असे झाले : अनुक्रमे १६, २० आणि १०० मेगाहर्ट्झपर्यंत. कॅटेगरी ४ ही सोळा मेगाबिटच्या टोकन रिंगसाठी योग्य मानली जात होती. ती फार थोड्या इमारतींत गेली आणि २००१ च्या ५६८-बी मानकात तिला स्थान उरले नाही. टेबलापर्यंत प्रकाशतंतू नेल्यास पुढील पिढ्यांची चिंता मिटेल, असा सल्लाही १९९० च्या दशकात आग्रहाने दिला जाई. तंतू उभ्या मार्गांत स्थिरावला, टेबलापर्यंत मात्र क्वचितच पोहोचला. १५० ओहमची केबल नव्या इमारतींतून नाहीशी झाली.

याउलट ज्या केबलीविषयी भाकिते निराशाजनक होती ती टिकली. १०००बेस-टीची आखणीच मुळी आधी बसविलेल्या कॅटेगरी ५ केबलवर चालावे अशा रीतीने झाली. प्रत्येक जोडीवर २५० मेगाबिट वाहून नेण्याची किमया केबलने नव्हे, तर दोन्ही टोकांच्या चिपांनी साधली. २०१६ मध्ये पुन्हा तेच घडले. १० गिगाबिटसाठी २००८ मध्ये कॅटेगरी ६ए ठरविण्यात आली होती, पण इमारती जुन्याच केबलींनी भरलेल्या होत्या. तेव्हा त्याच कॅटेगरी ५ई केबलवर चालणारे २.५ गिगाबिटचे मधले मानक काढण्यात आले. यंत्रे इमारतीशी जुळवून घेऊ लागली होती.

या अनुभवातून केबलच्या दर्जास महत्त्व नाही असा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. कॅटेगरी ३ टाकलेल्या इमारतींना पुढे संपूर्ण नूतनीकरण करावे लागले. फरक एवढाच की कक्ष प्रशस्त आणि नलिका मोकळ्या असतील तेथे ते नूतनीकरण काही रात्रींचे काम होते. जेथे नव्हत्या तेथे भिंती फोडाव्या लागल्या. ब्रिटनमध्ये फ्रान्सिस डफी यांच्या डीईजीडब्ल्यू या संस्थेने १९८३ मध्ये ‘ऑर्बिट’ या नावाने केलेल्या अभ्यासाने हेच दाखविले होते : अनेक विद्यमान कार्यालयीन इमारती केबलींचा आणि यंत्रांच्या उष्णतेचा भार पेलण्यास असमर्थ होत्या. मजल्यांमधील उंची कमी असेल तर उचललेली जमीन आणि फॉल्स सीलिंग दोन्ही एकत्र बसत नाहीत, आणि हा दोष नंतर कोणतीही केबल भरून काढू शकत नाही. डफी यांनी इमारतीचे थर त्यांच्या आयुष्यानुसार वेगळे केले. सांगाडा अनेक दशकांचा, सेवा सुमारे पंधरा वर्षांच्या, आतील मांडणी पाच ते सात वर्षांची. केबल या थरांपैकी सेवांमध्ये मोडते, पण तिचे वेळापत्रक मांडणीचे असते. नियोजनातील पुष्कळ ओढाताण या विसंगतीतून जन्मली.

खुली कार्यालये

मांडणीच्या या वेगाचा सर्वात मोठा ताण खुल्या कार्यालयांत जाणवला. हर्मन मिलर कंपनीने रॉबर्ट प्रॉप्स्ट यांच्या कल्पनेतून १९६८ मध्ये बाजारात आणलेल्या सुट्या पडद्यांच्या फर्निचरने भिंती हद्दपार केल्या होत्या. भिंतच नाही तर आउटलेट कशावर बसवायचे? ५६८ मानकाच्या मुळाशी असलेला कर्मचारी भिंतीजवळ बसणारा होता. यावर ऑगस्ट १९९६ च्या टीएसबी-७५ या पूरक पत्रकाने दोन उपाय सुचविले. पहिल्यात एका खांबावर अनेक आउटलेटांचा एकच संच बसवून तेथून जास्तीत जास्त बारा कर्मचाऱ्यांना सुमारे २० मीटरपर्यंतच्या लांब जोडतारा द्याव्यात. आडवी केबल त्या प्रमाणात आखूड ठेवावी. दुसऱ्यात कक्ष आणि टेबल यांच्यामध्ये एक जोडस्थान ठेवावे. कक्षापासून तेथपर्यंतची केबल कायमची, पुढची केबल मांडणीबरोबर बदलणारी.

‘मध्ये कोठेही जोड नको’ हा पाच वर्षांपूर्वीचा दंडक येथे जाणीवपूर्वक शिथिल केला गेला. मात्र शंभर मीटरची एकूण मर्यादा आणि मजल्यावरील कक्ष यांना हात लावला गेला नाही.

भारतीय संदर्भ

भारतात हा इतिहास निराळ्या क्रमाने घडला. १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याखाली दूरध्वनी हा शासनाचा एकाधिकार होता. मुंबई व दिल्लीसाठी महानगर टेलिफोन निगमची स्थापना १९८६ मध्ये झाली. बँकांच्या संगणकीकरणास डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील १९८४ व १९८९ च्या समित्यांच्या अहवालांनी गती दिली. म्हणजे कार्यालयांत जाळी पसरू लागली तेव्हा अमेरिकी मानक तयार होत आले होते. पातळ समाक्ष केबलचा अल्पकाळ सोडला तर वेगवेगळ्या कंपन्यांच्या वेगवेगळ्या केबलींचा जाच येथे त्या प्रमाणात सोसावा लागला नाही. मात्र केबलचे मानक आयते मिळाले तरी जागेचे मिळाले नाही. नरिमन पॉइंटवरील १९७० च्या दशकातील मनोरे किंवा फोर्ट भागातील त्याहून जुन्या दगडी इमारती या कक्षांची कल्पना रूढ होण्यापूर्वीच्या आहेत. राष्ट्रीय इमारत संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीत इमारत सेवांच्या भागात माहिती व संपर्क सुविधांसाठी स्वतंत्र विभाग आला. ५६९ नंतर सव्वीस वर्षांनी.

छतावरील मृत केबल

केबल टाकण्याचा वेग वाढला तशी न वापरलेल्या केबलींची रास छतावर साचत गेली. वातानुकूलनाची परतीची हवा जेथून जाते त्याच पोकळीत ही प्लॅस्टिक वेष्टने असत. आग लागल्यास धूर थेट हवेच्या मार्गात जाई. अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेच्या २००२ च्या आवृत्तीने पोहोचता येण्याजोगी, दोन्ही टोकांस न जोडलेली केबल काढून टाकणे बंधनकारक केले. पुढील वापरासाठी राखीव असल्याची चिठ्ठी लावलेल्या केबलीस त्यातून सूट होती.

या तरतुदीने १९८४ चा प्रश्न पुन्हा उभा केला. आधीच्या तीन भाडेकरूंनी सोडलेली केबल कोणाची आणि ती काढण्याचा खर्च कोणाचा? सावध मालकांनी भाडेकरारात केबल काढून नेण्याचे कलम घालण्यास सुरुवात केली. केबल बसविताना लेबले लावली होती तेथे जिवंत व मृत केबल ओळखता आली. इतरत्र कारागिराला एकेक केबल तपासून कापावी लागली.

बिनतारी जाळ्यांमुळे केबलींचे हे ओझे संपेल असे २००० नंतर काही काळ वाटले होते. प्रत्यक्षात केबलचे शेवटचे टोक टेबलाखालून निघून छतात गेले. बिनतारी केंद्रांसाठी केबल कशी टाकावी याचे मार्गदर्शन टीएसबी-१६२ या २००६ च्या पत्रकाने केले. केबलमधूनच वीज देण्याची सोय २००३ मध्ये १५.४ वॅटपासून सुरू झाली आणि २०१८ मध्ये ९० वॅटपर्यंत गेली. दिवे आणि कॅमेरेही त्याच पॅनेलवर येऊ लागले. त्यामुळे नियोजनात एक नवे परिमाण शिरले : घट्ट बांधलेल्या शंभर केबलींच्या जुडग्यात मधल्या केबली तापतात, म्हणून जुडगे लहान बांधावे लागते आणि ट्रे अधिक रुंद ठेवावा लागतो. कक्षातील स्विचही आता अधिक उष्णता सोडतात. १९९० च्या मापाने बांधलेले कक्ष क्षेत्रफळाने पुरतात, पण त्यांतील वातानुकूलन रात्री इमारतीबरोबर बंद होते आणि स्विच मात्र चोवीस तास चालू असतात.